बिनआवाजाचा कॉम्प्युटर

माझी आई टायपिंगचं काम करते असं सांगितलं, की लोक आधी तिच्या डोळ्यांकडे बघतात आणि मग मला विचारतात, "कसं जमतं हो त्यांना?" ती शेजारीच बसलेली असते. तिचे कान चांगले शाबूत आहेत. तरी विचारतात मलाच.

तिला दिसत नाही. मी शाळेत असताना तिची नजर कडेकडेने विझत गेली आणि माझं लग्न होईपर्यंत उजेड-अंधारही कळेनासा झाला. पण हातपाय गाळून बसणं तिच्या स्वभावात नाही. अंधांच्या प्रशिक्षण केंद्रात जाऊन ती कॉम्प्युटर शिकली आणि एका मोठ्या हॉस्पिटलचं काम घरबसल्या करायला लागली. तिथले डॉक्टर रुग्णाला काय झालं, काय दिलं, घरी गेल्यावर काय घ्यायचं हे बोलून ठेवतात. ते रेकॉर्डिंग आईकडे येतं. ती हेडफोन लावते, पायाखालच्या पेडलने रेकॉर्डिंग थांबवत, मागे-पुढे करत ऐकते आणि टाइप करते. डॉक्टर मंडळी जेवता जेवता बोलतात, जिना चढता चढता बोलतात, एक तर जांभई देतच वाक्य सुरू करतात. आई सगळ्यांना आवाजावरून ओळखते आणि प्रत्येकाला तिने नाव ठेवलेलं आहे.

तिचा कॉम्प्युटर महागड्या कंपनीचा होता, केंद्राकडूनच वापरलेला मिळालेला. वेगळा डबा नाही, पडद्याच्या पाठीतच सगळं यंत्र. पडद्यावरचं वाचून दाखवणारा बाईचा आवाज त्यात होता. आई त्या आवाजाला 'बाई' म्हणायची. "बाई सांगतायत मेल आलाय." "बाईंचं आज डोकं फिरलंय." आईने वर्षानुवर्षं वेग वाढवत नेल्याने बाई भराभर बोलायच्या. आम्हाला एक अक्षर कळायचं नाही आणि आईला सगळं कळायचं. माझा नवरा म्हणायचा, "सासूबाईंना एकच मैत्रीण आहे, आणि तीसुद्धा मशीन." आईला ते आवडायचं.

मग एके दिवशी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातल्या मॅडमचा फोन आला. पुढच्या महिन्यापासून सगळे रिपोर्ट त्यांच्या नव्या प्रोग्राममध्येच टाइप करायचे होते, आणि तो प्रोग्राम आईच्या कॉम्प्युटरवर चालणारा नव्हता. त्याला दुसरी सिस्टिम लागत होती, जी सगळ्या ऑफिसांतून असते ती.

"म्हणजे मशीन बदलायचं," मी म्हणाले.

"मशीन नाही गं," आई म्हणाली. "माझी बोटं बदलायची. प्रत्येक गोष्टीची बटणं वेगळी. या वयात बोटांना पुन्हा बालवाडीत घालू?"

पण इलाज नव्हता. बाबा छापखान्यात शाईचे रंग जुळवायचे. तो छापखाना बंद पडून बरेच दिवस झाले होते आणि घर आईच्या टायपिंगवर चाललं होतं. हातातले पैसे बेताचे. बाबा म्हणाले, "कॉम्प्युटरचं माझ्यावर सोड. आहे त्या पैशांत असा आणतो की बघत राहशील."

काम सुटल्यापासून बाबा घरात पाहुण्यासारखे वावरत होते. चहाचा कपसुद्धा विचारून घ्यायचे. आता त्यांच्या अंगात वारं शिरलं. ते दुकानं पालथी घालायला लागले, ओळखीच्या पोरांना पिडायला लागले, जेवताना प्रोसेसरच्या पिढ्या सांगायला लागले. स्वतःच्या घराण्याच्याही त्यांना तेवढ्या ठाऊक नव्हत्या.

"आपण दोघं जाऊ," ते आईला एकदा म्हणाले. "तुला काय हवं ते तू सांग."

"तुम्हीच आणा," आई म्हणाली. "मला काय दिसतंय?"

ती असं कधी बोलत नसे. ती बाबांवर रागावलेली नव्हती, त्या फोनवर होती. पण समोर बाबा होते. दोन-तीन दिवसांनी एकटेच गेले आणि कॉम्प्युटर घेऊन आले.

मी त्या दिवशी तिकडेच होते. बाबांनी खोका उघडला. गुडघ्याएवढा उंच काळा डबा, एका बाजूला पूर्ण काच, आणि सुरू केल्याबरोबर आत तीन पंखे निळे, जांभळे, हिरवे होत फिरायला लागले. कुणीतरी गेम खेळण्यासाठी जुळवून घेतलेला आणि मग विकायला काढलेला. दुकानदाराने अर्ध्या किमतीत दिला होता. त्या पैशांत एवढी ताकद दुसऱ्या कुठल्याच मशीनमध्ये मिळाली नसती, आणि हे खरंही होतं.

"इकडे ये, हात लाव," बाबा आईला म्हणाले. त्यांनी तिचा तळवा काचेवर ठेवला. "आता निळा आहे. छापखान्यात परीक्षेच्या पुस्तकांना वापरायचो ना, तो. आता जांभळ्यात चाललाय. लाल जरा जास्त पडलाय, पण चालेल. आता बघ, हिरवा."

आई काचेवर हात ठेवून उभी राहिली. बाबा रंग सांगत होते. पंख्यांचा आवाज घरभर येत होता, दूर कुठेतरी गिरणी चालावी तसा. आईने मान किंचित वळवली. ऐकताना ती तशीच वळवते. मग म्हणाली, "छान आहे. खूपच छान आहे."

बाबांचा चेहरा इतका उजळला की मीही मूग गिळून बसले.

पुढचे दिवस वाईट गेले. नव्या सिस्टिममध्ये वाचून दाखवणारा आवाज पुरुषाचा होता, फुकट मिळणारा, खडखडीत. आईने त्याला 'मास्तर' नाव ठेवलं, पण त्यात प्रेम नव्हतं. जुन्या सवयीने बोट जायचं आणि फाईल बंद व्हायची. मध्येच मास्तर गप्प व्हायचे. पडद्यावर काहीतरी उघडलेलं असायचं आणि काय ते आईला कळायचं नाही. मग ती शेजारच्या खोलीतून बाबांना हाक मारायची आणि बाबा पडद्यावरचं वाचून दाखवायचे. आपल्या कामासाठी असं कुणाला बोलवायची वेळ तिच्यावर कितीतरी वर्षांत आली नव्हती.

काम मागे पडायला लागलं. मॅडम चांगल्या होत्या, पण त्यांनाही वरून विचारणा व्हायची. आणि तो आवाज. हॉस्पिटलचा प्रोग्राम आणि रेकॉर्डिंग एकदम चालू झालं की पंखे जोरात सुरू व्हायचे. शिवाय हेडफोनमध्ये एक बारीक गुणगुण यायची, डास कानाशी यावा तशी. आई आवाज वाढवायची. संध्याकाळी कपाळ दाबत बसायची.

"डोकं दुखतंय?" मी विचारायची.

"मास्तरांचं अजून अंगवळणी पडलं नाही," ती म्हणायची. "पडेल."

मग ते घडलं.

एका म्हाताऱ्या गृहस्थांना हॉस्पिटलमधून घरी सोडायचं होतं. साखरेचे रुग्ण, इन्सुलिन चालू. डॉक्टर रेकॉर्डिंगमध्ये डोस सांगत होते, तेही चालता चालता. आईने टाइप केलं: सकाळी साठ युनिट. डॉक्टर म्हणाले होते, सात.

रिपोर्टवर डॉक्टरांची सही झाली. कदाचित त्यांनी वाचला नाही, कदाचित वाचूनही नजरेतून सुटलं. वॉर्डमधल्या सिस्टर तो कागद त्या गृहस्थांच्या मुलाला समजावून सांगायला बसल्या आणि त्या आकड्यावर थांबल्या. त्यांनी विचारायला डॉक्टरांना फोन लावला. तेवढ्यानेच वाचलं. साठ युनिट टोचलं गेलं असतं तर ते गृहस्थ झोपेतून उठले नसते.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी आईकडे नव्हते. बाबांनी मला बोलावून घेतलं. मी पोचले तर आई पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात मांडीवर पालथे. स्वयंपाक तसाच पडला होता.

"चौकशी होईपर्यंत काम पाठवणार नाहीत," बाबा मला हळूच म्हणाले.

"मोठ्याने बोला," आई म्हणाली. "चोरी नाही केली मी. त्याहून वाईट केलंय."

ती उठली आणि भिंतीला हात लावत माळ्याखालच्या टेबलाशी गेली. तिथे जुना कॉम्प्युटर ठेवला होता. तो सुरू केला, आणि मला म्हणाली, "ते रेकॉर्डिंग यावर घाल." मी घातलं. तिने हेडफोन लावून ऐकलं. मागे नेलं, पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला. मी ऐकलं. डॉक्टर घाईत होते, पण 'सात' स्पष्ट होतं.

मग आम्ही तेच नव्या मशीनवर लावलं. पंखे सुरू झाले, गुणगुण आली, आणि मला काही सांगता येईना. सात म्हटलं तर सात, साठ म्हटलं तर साठ.

"म्हणजे हे मशीनमुळे झालं!" मी म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला होता. "आपण मॅडमना सांगू."

"मशीनवर ढकलू नकोस." आईचा आवाज चढला. "मला शंका आली होती. शंका आली की जागा रिकामी सोडायची आणि पुढे खूण करायची, हा नियम आहे. इतकी वर्षं मी तो पाळला. पण आधीच काम तुंबलेलं, त्यात किती जागा रिकाम्या सोडू? म्हटलं, असेल साठ. असेल! माणसाच्या जिवाशी मी 'असेल' म्हटलं."

बाबा दारात उभे होते. ते आत आले आणि पहिल्यांदा त्या पंख्यांकडे नीट बघायला लागले, म्हणजे ऐकायला लागले असं म्हणायला हवं.

"हा आवाज पहिल्या दिवसापासून आहे?" त्यांनी विचारलं.

आई हेडफोनची वायर गुंडाळायला लागली.

"अगं, मी विचारतोय. तुला पहिल्या दिवसापासून त्रास होतोय?"

"हो."

"आणि तू छान आहे म्हणालीस."

"मग काय म्हणणार होते? इतक्या दिवसांनी तुम्ही हसला होतात."

"म्हणून हे असं होऊ दिलंस?" बाबा ओरडले. ते कधीच ओरडत नाहीत. त्यांचा आवाज मध्येच फाटला. "मी काय लहान मूल आहे? मला सांगितलं असतंस तर त्याच दिवशी परत देऊन आलो असतो!"

"आणि तुम्ही?" आईही आता थांबेना. "रंगीबेरंगी दिवे आणलेत. कुणासाठी आणलेत ते? तुम्ही विसरलात, अहो. मला दिसत नाही हे तुम्ही चक्क विसरलात." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आणि खरं सांगू, मला ते बरं वाटलं. घरात एक माणूस आहे ज्याच्या हे लक्षात राहत नाही. म्हणून नाही बोलले."

बाबा खुर्चीवर बसले. मी मशीन बंद केलं, तेव्हा खोली किती शांत आहे ते कळलं.

"विसरलो नव्हतो," बाबा शेवटी म्हणाले. "दुकानात माझ्यापुढे दोन होते. हा आणि एक साधा. मला वाटलं, साधा घेतला तर तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही राहणार नाही."

आईने त्यांच्या दिशेने हात पुढे केला, पण ते लांब बसले होते आणि त्यांना तो दिसला नाही. ते जमिनीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तो डबा रिक्षात घालून दुकानात गेलो. दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी. दुकानदार तसा भला माणूस. त्याने दिवे बंद करून दाखवले, पंखे मंद करून दाखवले. पण थोड्या वेळात मशीन तापलं आणि पंखे आधीपेक्षा जोरात ओरडायला लागले. हेडफोनच्या गुणगुणीसाठी बाहेरून लावायचा एक छोटा डबा मिळतो म्हणाला. तो बाबांना समजावत होता, "काका, तुम्हाला कसा पाहिजे ते सांगा."

"मला नको आहे," बाबा म्हणाले. "तिला पाहिजे. तिला विचारा."

दुकानदार जरा गडबडला. मग आईकडे वळला, आणि उगाच मोठ्या आवाजात म्हणाला, "काकू, किती ताकदीचा पाहिजे?"

"हळू बोला, मला नीट ऐकू येतं," आई म्हणाली. "ताकद बेताची चालेल. बिनआवाजाचा पाहिजे. आधी दुकानातले सगळे बंद करा आणि मग एकेक सुरू करा."

"सगळे?"

"तो वरचा पंखासुद्धा."

गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्याने ऐकलं. उकाड्यात आम्ही घाम पुसत उभे राहिलो आणि आई एकेका मशीनला कान लावत गेली. एकाला म्हणाली, "हा आत्ता गप्प आहे, पण काम दिल्यावर?" दुकानदाराने काम दिलं, तो घरघरला. दुसऱ्याची हार्ड डिस्क आतून कटकट करत होती. एक चांगला नवा, अगदी शांत, पण किंमत ऐकून बाबांनी फक्त मान हलवली. शेवटी कोपऱ्यातून एक राखाडी, चपटा डबा निघाला. कुठल्याशा ऑफिसाने वापरून एकदम विकलेल्या लॉटमधला. वर कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी अर्धी फाटून चिकटलेली. आईने हेडफोन लावला, आम्ही आणलेलं रेकॉर्डिंग सुरू केलं, दुकानदाराला एकदम चार-पाच प्रोग्राम उघडायला लावले, तसंच ऐकत राहिली. मग हेडफोन काढून विचारलं, "सुरू आहे ना?"

"सुरू आहे," दुकानदार म्हणाला.

"हाच."

"काकू, एक सांगतो, जुना आहे. कधी दगा देईल त्याचा नेम नाही. आणि तुमचा हा परत घेताना पूर्ण किंमत देता येणार नाही."

आई बाबांकडे वळली. "तुमचं काय मत?"

"मला तो अजिबात आवडला नाही," बाबा म्हणाले. "धुळीच्या रंगाचा आहे. घेऊन टाक."

आमचं नुकसान झालं ते झालं. येताना आई रिक्षात तो मांडीवर घेऊन बसली.

पण कॉम्प्युटर बदलल्याने सगळं सुटलं नाही. आई मॅडमना भेटायला स्वतः गेली. मी सोबत होते. मॅडमच्या टेबलासमोर बसून तिने पंख्यांचा उल्लेखही केला नाही. "मला शंका होती आणि मी लिहिलं," एवढंच सांगितलं. मॅडमनी पाणी दिलं. चौकशी झाली होती. डॉक्टरांनाही ताकीद मिळाली होती.

"काम बंद करणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण ज्यात औषधांचे डोस असतात ते रिपोर्ट आता तुमच्याकडे येणार नाहीत. एक्स-रेचे येतील. माझ्या हातात एवढंच आहे."

एक्स-रेचे रिपोर्ट छोटे असतात आणि त्यांचे पैसेही कमी मिळतात. आईने मान डोलावली. मग म्हणाली, "त्या सिस्टर भेटतील?"

सिस्टर वरच्या मजल्यावर होत्या, माझ्याच वयाच्या असतील. औषधांची ट्रॉली ढकलत आल्या आणि कशाबद्दल आहे ते कळल्यावर क्षणभर अवघडल्या. आईने तयारी करून आणलेली वाक्यं होती, मला माहीत होतं. रिक्षात ओठ हलत होते तिचे. त्यातलं एकही आलं नाही.

"ते कसे आहेत?" तिने एवढंच विचारलं.

"बरे आहेत. परवा तपासणीला येऊन गेले," सिस्टर म्हणाल्या. "सुईला घाबरतात अजून. मुलगा टोचतो."

"तुम्ही थांबला नसतात तर."

सिस्टरनी ट्रॉली बाजूला लावली. आईचा हात हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात एका खोलीतली घंटा वाजली आणि त्या ट्रॉली घेऊन गेल्या.

या गोष्टीला आता काही महिने झाले. बोटं नव्या बटणांना सरावली आहेत. मास्तरांचा वेग आईने इतका वाढवलाय की आम्हाला पुन्हा काही कळत नाही. बाबांना एका लेबलं छापणाऱ्याकडे अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. पगार नाव काढण्याजोगा नाही, पण ते सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात. घरात काटकसर चालू आहे आणि तिच्यावरून कुरबुरीही.

आई मात्र पूर्वीसारखी झालेली नाही. डॉक्टरांची नक्कल करून हसवायची ते तिने बंद केलं. फुफ्फुसात काही नाही, हाड जुळलं आहे, असे साधे रिपोर्टसुद्धा ती पुन्हा पुन्हा ऐकते. परवा तिला मदत लागेल म्हणून मी शेजारी बसले होते. एका ठिकाणी तिने जागा रिकामी सोडली आणि खूण केली. मी तो तुकडा ऐकला. शब्द अगदी स्पष्ट होता.

"आई, 'डावा' म्हणालेत. इतकं सरळ आहे."

"हो, मलाही तसंच ऐकू आलं," ती म्हणाली. "तरी विचारू दे त्यांना."

आणि तिने पेडल दाबलं, पुढचं ऐकायला लागली.